मुलं किती, लेकरं किती

निवृत्त झाल्यापासून दुपारी जेवून जरा आडवी झाले की मला दारं दिसतात. झोप धड लागलेली नसते, जागही धड नसते, आणि त्या मधल्या वेळात एकेक दार समोर येऊन उभं राहतं. पत्र्याचं, फळ्यांचं, नुसता पोत्याचा पडदा असलेलं. मी हातात पॅड घेऊन बाहेर उभी असते. आतून बाईचा आवाज येतो, "कोन हाये?" आणि मी तोंड उघडायच्या आत जाग येते. या प्रश्नाचं उत्तर मला तीस वर्षं जागेपणी नीट देता आलं नाही, ते झोपेत कुठून येणार!

मी सर्व्हेवाली. शहरातल्या एका संशोधन संस्थेत क्षेत्र-अन्वेषक असं माझं भारदस्त पद होतं, पण ते पगारपत्रकाबाहेर कुणी कधी वापरलं नाही. लोकांनी मला जनगणनेवाली समजलं, पोलिओवाली समजलं, साबण विकणारी समजलं. एका घरी तर मुलगी पाहायला आलेली समजून पोहे केले. मी ते खाल्ले. खाऊन झाल्यावर फॉर्म काढला, तेव्हा त्या माउलीचा चेहरा जो पडला तो अजून आठवतो. काम मात्र सोपं होतं. दुसऱ्याच्या डोक्यातलं कुतूहल घेऊन तिसऱ्याच्या दारात जायचं आणि उत्तर घेऊन परत यायचं.

उत्तर आणायच्या दोन रीती. आमच्या धंद्यातली ती दोन घराणीच म्हणा. एक मोजणाऱ्यांचं, एक ऐकणाऱ्यांचं. अहवालात त्यांना संख्यात्मक आणि गुणात्मक पद्धत म्हणतात. आम्ही पायपीट करणारे लोक 'फॉर्म' आणि 'बैठक' म्हणायचो. फॉर्ममध्ये प्रश्न छापलेले, उत्तरांचे पर्याय छापलेले, प्रत्येक पर्यायाला आकडा. आपण विचारायचं आणि आकड्याला गोल करायचा. त्यात एक नियम देवाज्ञेसारखा होता. प्रश्न जसा लिहिला आहे तसाच वाचायचा, शब्द बदलायचा नाही. हजार घरी विचारायचं तर हजार घरी तोच शब्द गेला पाहिजे, नाहीतर उत्तरांची बेरीज कशी करणार? बैठकीत उलटं. हातात फक्त पाच-सहा विषयांची चिठ्ठी. सतरंजीवर बसायचं, बोलतं करायचं, आणि कुणी गप्प झालं तर आपणही गप्प राहायचं. बैठकीत सगळ्यात अवघड काम हेच. नवीन पोरी तर समोरची बाई दोन क्षण थांबली की लगेच पुढचा प्रश्न टाकायच्या.

दोन्ही घराण्यांचे लोक एकमेकांना नावं ठेवतात. मोजणारे म्हणतात, ऐकणारे गप्पा मारून पगार घेतात. ऐकणारे म्हणतात, मोजणाऱ्यांना माणूस दिसत नाही. मी दोन्हीकडचं मीठ खाल्लं आहे, तेव्हा दोन्हीकडचं सांगू शकते.

खुलताबादला दर्ग्याच्या वाटेवर छोटं दुकान असलेले एक चाचा होते. पेरूच्या दिवसांत पेरू, एरवी रेवड्या आणि सरबताच्या बाटल्या. मी त्यांना फॉर्ममधला प्रश्न वाचून दाखवला, 'आपल्या जीवनाविषयी आपण किती समाधानी आहात, एक ते पाच यांपैकी सांगा.' चाचांनी चष्मा वर केला.

"बाजी, सुबू का पूछरे के शाम का?"

मी म्हटलं, चाचा, एकंदर.

"एकंदर क्या होता? सुबू दुकान खोला तो पाच. दोपेर में घुटने दुखे तो दो. अस्र की नमाज के बाद ठंडी हवा चली तो फिर पाच. तुम बीच का तीन लिख लेव, मगर वो तीन मेरे पास कब्बी आया नै."

मी तीनला गोल केला. काय करणार! चाचांकडे कधीच न आलेला तो तीन पुढं सरासरीत गेला, आलेखात गेला, कुणाच्या तरी भाषणातही गेला असेल.

बैठकही काही धुतल्या तांदळासारखी नसते. एका गावात पाण्यावर बैठक घेतली. बारा बाया, आणि मधोमध सरपंचीणबाईंच्या सासूबाई. "आमच्याकडं रोज पानी येतं," असं त्या म्हणाल्या आणि बारा माना हलल्या. टेप चालू होता, त्यात बाराजणींचं एकमत आलं. बैठक संपवून मी रस्त्याला लागले, तर त्या बारातल्या चौघी वेगवेगळ्या वळणांवर डोक्यावर हंडा घेऊन भेटल्या आणि इकडंतिकडं बघून कानात सांगून गेल्या, "म्याडम, पंधरा दिसाला येतं." फॉर्म घेऊन घरोघर गेले असते तर हे पहिल्याच दिवशी कळलं असतं. म्हणून म्हणते, बैठकीचे गोडवे गाणाऱ्यांनी आधी सासूबाई मोजून मग बसावं.

आता जे सांगायचं म्हणून हा लेख कबूल केला ते सांगते. बाकीचं सगळं सांगत मी जरा वेळ काढत होते.

नोकरीची शेवटची दोन-तीन वर्षं राहिली होती. एका सेवाभावी मंडळाला खुलताबादच्या डोंगराळ भागातल्या वस्त्यांवर मुलींसाठी शाळेची गाडी सुरू करायची होती. वस्तीवरची शाळा सातवीपर्यंत. पुढं खुलताबादला जायचं तर घाटाची पायवाट. गाड्या थोड्या, वस्त्या जास्त. म्हणून ठरलं की अकरा ते सोळा वयाच्या किमान दहा मुली ज्या वस्तीवर असतील तिथं गाडी. मुली मोजायचं काम आमच्या संस्थेकडं आलं आणि फॉर्म तयार करायचं माझ्याकडं.

फॉर्म तयार केला की आधी तो थोड्या घरी वापरून बघायचा असतो. कुठं अडखळायला होतं, कुठला शब्द कळत नाही, ते त्यात कळतं. नियमाप्रमाणं मी खुलताबादकडं जायला हवं होतं. पण पाऊस होता, गुडघे कुरकुरत होते, आणि मी राहते शहरात, पुंडलिकनगरला. आमच्या गल्लीतच दहा घरी फॉर्म भरून घेतला. शेजारणींनी चहा पाजला, बँकेतल्या काकांनी व्याकरणाची एक चूक काढली. प्रश्न क्रमांक अकरा होता, 'आपणांस मुले किती?' आणि त्याखाली, जितकी सांगतील तितक्या ओळी भरायच्या: नाव, वय, मुलगा असेल तर एक, मुलगी असेल तर दोन. आमच्या गल्लीत कुणीही अडखळलं नाही. "दोन मुलं, एक मुलगा एक मुलगी," इतकं सरळ. मी फॉर्म पास केला.

श्रावणात आम्ही वस्त्यांवर गेलो. त्यातली एक मेंढपाळांची. पंचवीसेक घरं, वर पठारावर. त्या दिवसांत तिथं सकाळी असं धुकं असायचं की मेंढ्या दिसायच्या नाहीत, नुसत्या गळ्यातल्या घंटा ऐकू यायच्या, आणि वाटायचं डोंगरच हळूहळू चरत पुढं निघाला आहे. ही माणसं पावसाळ्यात घरी असतात. दिवाळी झाली की मेंढ्या घेऊन खाली उतरतात आणि थेट पुढच्या पावसाला परततात. बऱ्याच घरांतले सगळेच जातात, मागं म्हातारं माणूस तेवढं राहतं.

तिथल्या काही घरांचे फॉर्म मी स्वतः भरले. कौसाबाईंचं त्यातलंच. पस्तिशीची, काटक, उंबऱ्यावर बसून लोकर विंचरत होती. मी वाचलं, "आपणांस मुले किती?"

"दोन."

नावं लिहिली. एक, एक. दोन ओळी भरल्या आणि पुढच्या प्रश्नावर गेले. नऊ मिनिटांत फॉर्म झाला. त्या काळी मला त्याचा अभिमान होता.

पंधरा दिवसांनी तक्ता तयार झाला. पाटोदेकर सर आमचे संख्याशास्त्राचे प्रमुख. सज्जन माणूस, पण आकड्याकडं असं बघायचे की आता तो काहीतरी बोलणार आहे. त्यांनी मला बोलावलं. त्या वस्तीवर अकरा ते सोळाच्या मुली होत्या तीन. मुलगे भरपूर.

"बाई, इथं मुलीच नाहीत," सर हळू आवाजात म्हणाले. "गडबड वाटते. तुम्ही एक बैठक घ्या आणि जरा चाचपून या. थेट विचारू नका."

गडबड म्हणजे काय ते मला कळलं. तुम्हालाही कळलं असेल. मुली नकोशा असतात, जन्माआधीच काही केलं जातं का, हे चाचपायचं होतं.

मी गेले. जाताना मन इतकं गढूळ झालं होतं की वस्तीवरच्या प्रत्येक बाईकडं मी वेगळ्याच नजरेनं बघत होते. लिंबाखाली सतरंजी टाकली. एका पोरीनं तांब्यातून पाणी आणून दिलं, मी प्यायले. दुसरी एक कडेवर भाऊ घेऊन उभी होती. तिघीचौघी दोरीवर उड्या मारत होत्या. आणि तुम्हाला खोटं वाटेल, पण मी मनात म्हटलं, पाहुण्यांच्या असतील, आत्याकडं-मावशीकडं आल्या असतील. तक्त्यात तीनच होत्या ना! छापलेला आकडा डोळ्यावर असा बसतो. पोरी समोर उड्या मारत होत्या आणि मी त्यांना पाहुण्या ठरवून मोकळी झाले.

बाया जमल्या. वारा सुखाचा होता, लोकरीचा आणि ओल्या मातीचा वास येत होता, आणि माझ्या हातात फॉर्म नव्हता. फॉर्म नसला की माझी जीभ सैल सुटते, अगदी आईच्या घरी गेल्यासारखी. कुणाची सून कुठली, कुणाचा पाय कसा मोडला, असं बोलत बोलत मी कौसाबाईंकडं वळले आणि म्हटलं, "तुला लेकरं किती गं?"

"पाच."

मला तो फॉर्म आठवत होता, नऊ मिनिटांचा.

"कौसाबाई, त्या दिवशी तर दोन सांगितली होतीस."

तिनं माझ्याकडं बघितलं. जराही न गडबडता म्हणाली, "त्या दिशी तुम्ही मुलं इचारली व्हती. आज लेकरं इचारू राहिल्या. मुलं दोन, पोरी तीन, लेकरं पाच. यात खोटं काय हाये, माय?"

बाया हसल्या. बाजूची म्हणाली, "म्याडम शहरातल्या हायेत. त्यायच्याकडं पोरीला बी मुलगंच म्हणत असतीन." पुन्हा हसू. मीही हसले.

पण मी शहरातली नाही. माझं माहेर पैठण तालुक्यातलं. माझ्या आईला कुणी विचारलं, मुलं किती, तर ती म्हणायची, एकच. आम्ही तीन बहिणी आणि एक भाऊ. शिधापत्रिकेच्या साहेबाला, शाळेतल्या मास्तरला, नव्या शेजारणीला, सगळ्यांना "एकच." आईचा आमच्यावर जीव होता, त्यात शंका नाही. फक्त त्या शब्दात आम्ही बसत नव्हतो. हे मला जन्मापासून ठाऊक होतं. आणि पुंडलिकनगरात पंचवीस वर्षं राहून, चहा पिता पिता, मी ते साफ विसरले होते. शब्द बदलायचा नाही हा नियम मी हजार घरी पाळला, आणि छापलेला शब्दच माझा स्वतःचा होता.

"तीन पोरी कुठं आहेत?" मी विचारलं.

"दोघी बारक्या त्या काय, दोरीवर. थोरली मंजुळा, तिनंच तर पानी देलं तुम्हाला."

माझ्या फॉर्ममध्ये नसलेल्या पोरीच्या हातचं पाणी मी प्यायले होते.

मग कौसाबाई जे बोलली ते माझ्या टेपमध्ये आहे, पण मला टेप लागत नाही. "सातवीपस्तोर हितंच शिकली. हुशार हाये. आठवीला खुलताबादला नाव घातलं. दोन महिने चालत गेली, संगं दोघी व्हत्या. त्या बसल्या घरी. एकटीला घाटानं कशी धाडू? आता गाडी येनार म्हणत्यात. दिवाळीपस्तोर आली तर पोरीला म्हातारीपाशी ठिवते अन् आम्ही जातो खाली. नाय आली तर संगं न्यावं लागंल. एकदा मेंढरामागं गेली, की मंग शाळा कुढली?"

म्हातारी म्हणजे तिची सासू. ओसरीवर बसून ऐकत होती. "मी हाये ना," ती म्हणाली. "मी बघते तिला. गाडी तेवढी धाडा."

मी पोरी मोजल्या. सतरंजीवर बसल्या बसल्या, बोटांवर. अकरा ते सोळाच्या एकोणीस.

कुणीही म्हणेल, पुढं काय अवघड आहे? त्याच संध्याकाळी सरांना जाऊन सांगायचं, फॉर्म चुकला. पण मी आठ दिवस बोलले नाही. कारणं सगळी तयार होती. टेप उतरवून काढायचा आहे. दुसऱ्या वस्त्यांवरही बैठका घेऊन खात्री करू या. बैठकीतल्या बोटांवरच्या मोजणीला कोण विचारतं! ही सगळी खरी कारणं होती, पण ती कारणं नव्हती. खरं कारण हे की फॉर्म मी केला होता, आणि तपासला होता माझ्याच गल्लीत, आणि त्याची नोंद मी 'क्षेत्रात चाचणी झाली' अशी केली होती. निवृत्तीला दोन-तीन वर्षं उरलेल्या माणसाला आपली तीस वर्षं स्वच्छ ठेवायची फार हौस असते. ते आठ दिवस मी एका गुंगीत काढले. ऑफिसात जायची, यायची, कुकर लावायची, आणि कुणीतरी आतून विचारत राहायचं, किती?

नवव्या दिवशी सांगितलं. पाटोदेकर सरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. बैठकीत मी लोकांना देते तशी शांतता त्यांनी मला दिली.

"माझी आजी असंच म्हणायची," शेवटी ते म्हणाले. "मुलं म्हणजे मुलगेच. मी तरी कसा चुकलो?" आणि मग, "बाई, यादी काल गेली."

गाड्या ठरल्या होत्या. गंमत अशी, की ज्या वस्त्यांवर मुलगे नसलेली घरं जास्त होती तिथंच आमच्या फॉर्मला मुली दिसल्या होत्या. ज्या बाईला नुसत्या मुलीच, ती 'मुलं किती' म्हटल्यावर जरा घुटमळून मुली सांगायची. जिला एक तरी मुलगा, तिच्या पोरी फॉर्मच्या बाहेर.

सरांनी हात झटकले नाहीत, हे सांगायला हवं. मंडळाला पत्र लिहिलं, चूक आमची असं स्वच्छ लिहिलं. मंडळानं नव्यानं मोजायला सांगितलं. बैठकीत मिळालेल्या गोष्टीवर गाडी देता येत नाही, आकडा लागतो, हे त्यांचं म्हणणंही चूक नव्हतं. उद्या दुसरी वस्ती म्हणेल, आमच्याही बायांना विचारा. म्हणजे बैठकीनं चूक दाखवली, पण ती दुरुस्त करायला पुन्हा फॉर्मच लागला. मी नवा फॉर्म केला. 'आपल्याला लेकरं किती? त्यांत पोरं किती, पोरी किती?' मंडळाच्या एका साहेबांना ही भाषा अशुद्ध वाटली. मी म्हटलं, वाटू द्या.

पण मंजुरी येऊन आम्ही पुन्हा वर गेलो तोवर दिवाळी होऊन गेली होती. वस्तीवर कुलपं होती. अंगणात लोकरीचे पुंजके वाऱ्यानं फिरत होते. कौसाबाईंच्या ओसरीवर म्हातारी एकटीच बसली होती.

"गेली पोरगी," ती म्हणाली. "लई वाट पाह्यली तिनं. दप्तर भरून ठिवलं व्हतं."

माणसंच नाहीत तर मोजणार कुणाला? ती मोजणी पुढच्या पावसाळ्याच्या तोंडावर झाली, माणसं परतल्यावर. एकोणीसच निघाल्या. बोटांवरची मोजणी बरोबर होती. त्याच वर्षी जूनमध्ये गाडी सुरू झाली आणि पहिल्या दिवशी पोरींनी ड्रायव्हरला पेढा भरवला, असं ऐकलं. मी तिथं गेले नाही. मला जाववलं नाही.

त्या हिवाळ्यात माझं शेवटचं काम आलं. ज्या मुली यादीत आहेत पण गाडीत बसत नाहीत त्यांना भेटून एक छोटा फॉर्म भरायचा. यादीत मंजुळाचं नाव होतं. या वेळी होतं.

चौकशी केली तर कळलं, त्यांचा तळ चितेगावच्या पुढं आहे. पैठण रस्त्यानं मी गेले. एका बाजूला कारखान्यांच्या भिंती, आतून सतत एकसुरी घरघर, आणि दुसऱ्या बाजूला एका शेतकऱ्याच्या मोकळ्या रानात मेंढ्या बसवलेल्या. रानाला खत मिळतं, मेंढपाळाला धान्य मिळतं, असा तो व्यवहार. ऊन कोवळं होतं. मेंढ्या, धूर, कारखान्याची घरघर, सगळं एकात एक मिसळून डोळे जड होत होते. मंजुळा बांधावर बसली होती. उंच झाली होती. तिनं मला ओळखलं आणि आधी पाणी दिलं.

मी तिला म्हटलं, गाडी तर आली, मग तू का गेली नाहीस? तिनं माझ्या हातातला फॉर्म बघितला. "मी वाचू?" म्हणाली. खरं तर फॉर्म समोरच्याच्या हातात द्यायचा नसतो. मी दिला.

तिनं मोठ्यानं वाचायला सुरुवात केली, वर्गात वाचतात तसं, शब्द तोडून. "शाळा सोडण्याचे कारण. एक, घरकाम. घरकाम तर आधी बी करत व्हते. दोन, शाळेचे अंतर. गाडी हाये आता. तीन, शिक्षणाची आवड नाही." तिथं ती थांबली, हसली नाही. "चार, विवाह. नाय. पाच, कामासाठी स्थलांतर. ते तर दर साली जातेत सगळे. मी एकटी राह्यनार व्हते, आजीपाशी." मग खालची ओळ. "सहा, इतर, नमूद करा. नमूद म्हंजी?"

"म्हणजे वरच्यात बसत नसेल तर तुझ्या शब्दांत सांग. मी तसंच लिहिते."

"मंग लिवा, आजी राह्यली नाय. उन्हाळ्यात वारली. आता मागं ठिवायला कोनी नाय."

फॉर्मवर त्या 'इतर'पुढं चार बोटांची रेघ असते. मोजणाऱ्यांनी ऐकणाऱ्यांसाठी ठेवलेली तेवढीच जागा. मी पेन टेकवलं. आजी वारली, एवढं लिहून मला उठता आलं असतं. उत्तर खरं होतं, तिच्या शब्दांतलं होतं, नियमात बसत होतं. पण गाडी दिवाळीला यायची होती, आणि दिवाळीला आजी ओसरीवर बसलेली होती. तिला मी स्वतः पाहिलं होतं.

मी पेन उचललं आणि मंजुळाला सगळं सांगितलं. फॉर्म मी केला होता. मुलं किती असं विचारलं. तुझ्या आईनं खरं उत्तर दिलं. कळल्यावरही मी आठ दिवस बोलले नाही. गाडी त्यामुळं राहिली.

ती ऐकत होती. हातातल्या काठीनं मातीत काहीतरी ओढत होती. कारखान्याची घरघर तेवढी चालू होती. मी पुढचा प्रश्न विचारला नाही.

"म्हंजी," ती म्हणाली, "मपलं नावच नव्हतं?"

"तुझं नाव नव्हतं."

तिनं मान हलवली आणि फॉर्म माझ्याकडं सरकवला. मी त्या चार बोटांच्या रेघेवर लिहिलं, 'मपलं नावच नव्हतं.' तिनं कागद पुन्हा ओढून घेतला, एकेका शब्दाखालून बोट फिरवत वाचला.

"बराबर लिवलं," म्हणाली, आणि पलीकडच्या ज्वारीत शिरलेल्या मेंढीमागं पळाली.